नौपाड्यातला अंगणवाला जुना ब्लॉक भाड्याने घेऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला, सोबत सासूबाई, त्यांना जिने चढवत नाहीत म्हणून तळमजलाच हवाय. ठाण्यात नौपाड्याला एका जुन्या तीन मजली सोसायटीत वन बीएचके मिळतोय. मोझॅकच्या लाद्या, लाकडी खिडक्या, मागचं दार उघडलं की छोटं अंगण, तुळस आणि फणसाचं झाड. सासूबाई तर बघताक्षणी हरखल्या. भाडं २८ हजार, डिपॉझिट एक लाख. मालक म्हणतात करार ११ महिन्यांचाच आहे तर नोटरी पुरे, आणि फणसाच्या फांद्या नको असतील तर खुशाल छाटा. घेऊ का?

उत्तर: घ्या गं, अशी घरं आता नौपाड्यात दर वर्षी कमी होतायत, सगळीकडे रिडेव्हलपमेंट. पण आधी मला सांग, ते अंगण नक्की कोणाचं? सोसायटी म्हणतेस म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा सहसा सोसायटीची असते, मालकाने वर्षानुवर्षं कुंड्या ठेवल्या आणि फाटक लावलं म्हणून ती त्याची होत नाही. उद्या कमिटीने तिथे गाड्या लावायचं ठरवलं तर तू काय दाखवणार? त्यामुळे सेक्रेटरींना भेट, अंगण वापरायला हरकत नाही असं लेखी घे आणि करारातही ते लिहून घे.

नोटरीचं मात्र अजिबात ऐकू नकोस. ११ महिन्यांचा असला तरी करार रजिस्टर करावाच लागतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. रजिस्टर नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, म्हणजे नुकसान त्यांचंच, हे त्यांना नीट समजावून सांग. खर्चही फार नाही, तुमच्या आकड्यांवर स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्क्याने साधारण आठशे आणि रजिस्ट्रेशन फी हजार.

आता ओल. आम्ही विष्णुनगरला तळमजल्यावर नऊ वर्षं काढली, २६ जुलै २००५ ला पाणी घरात शिरलं तेव्हा गाद्या माळ्यावर टाकून रात्र जागून काढली, म्हणून कळकळीने सांगते, हे घर एकदा धो धो पावसात जाऊन बघ. कपाट थोडं सरकवून मागच्या भिंतीला तळहात लाव, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच गार लागतंय का, बोटाने टकटक केलं की प्लास्टर पोकळ वाजतंय का, आणि रंग फक्त खालच्या पट्ट्यातच नवा आहे का. जुन्या विटांच्या भिंती जमिनीतलं पाणी वर ओढतात, वरून कितीही डिस्टेंपर मारा, दोन महिन्यांत पोपडे. सासूबाईंचे गुडघे आहेत, हे हलक्यात घेऊ नकोस. बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं येतं का तेही शेजाऱ्यांना विचार, मालकाला नको.

इमारत ३० वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट माग. महापालिकेच्या धोकादायक यादीत सी-१ असेल तर विषय संपला, ती रिकामीच करावी लागते. सी-२ए असेल तरी दुरुस्तीसाठी घर सोडावं लागतं, मग डिपॉझिट किती दिवसांत परत ते आधीच लिहून ठेवा.

आणि फणसाला हात लावू नका. झाड खासगी जागेतलं असलं तरी तोडायला, फांद्या छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ पासून कायदा आहे. फणस धरत असेल तर फळं कोणाची तेही आत्ताच बोलून घे, आमच्याकडे त्यावरून वरच्या काकूंशी दोन वर्षं अबोला होता.