सोलापुरात हायब्रिड गाडीचे टायर बदलायचे आहेत, मायलेज पडू नये म्हणून कोणते घ्यावेत?

मूळ साइजच घ्या. ग्रँड विटारा हायब्रिड असेल तर २१५/६० आर१७. दुकानदार रुंद टायर सुचवेल, दिसायला भारी असतो, पण मायलेज खातो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. 'लो रोलिंग रेझिस्टन्स' टायर मागा, म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारा. बीईईचं (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) स्टार लेबल असेल तर जास्त स्टारवाला घ्या, मात्र ओल्या रस्त्यावरची पकडही विचारा.

टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ती बनवल्याची तारीख असते: २२२५ म्हणजे २०२५ चा २२ वा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात दुकानाबाहेर पडून राहिलेला जुना माल स्वस्तातही नको.

बसवल्यावर मायलेज थोडं कमी दिसेलच. नवा टायर गुळगुळीत झालेल्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात मीटर सुमारे दीड टक्का कमी किलोमीटर मोजतो. शिवाय खोल नक्षी जास्त वाकते, त्यातही ऊर्जा जाते. लगेच टायरला दोष देऊ नका.

अलाइनमेंट करून घ्याच. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरा. मे महिन्यात पुणे हायवेवरून आल्या आल्या प्रेशर वाढलेलं दिसतं, म्हणून हवा काढू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते आणि मायलेज तिथेच जातं.