वजन ५६ किलो, माळकरी घर, तरी एलडीएल २२६. लॅबची चूक असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, अंगावर मांस नाही, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, चहा सोडला तर व्यसन नाही. कंपनीच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २२६ आलं. डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात, आई म्हणते लॅबवाल्यांनी नमुने बदलले, मित्र म्हणतो जवस खा. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: वडील ४६व्या वर्षी झोपेतच गेले.

अहो, ते शेवटी कशाला लिहिलंत? ते पहिल्या ओळीत हवं होतं.

लॅबची चूक होऊ शकते. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करा, दोन-चारशे रुपयांचं काम आहे. पण माझा अंदाज विचाराल तर आकडा दोनशेच्या खाली येणार नाही. एलडीएल १९० च्या वर, वय तिशीच्या आत आणि बाप पन्नाशीच्या आधी गेलेला, एवढं जमलं की पहिला संशय आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा घ्यायचा. जवसाचा विचार नंतर.

मी बत्तीस वर्षं कराडच्या बाजूला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. मेंडेलचे वाटाणे शिकवले, पेशीपटल शिकवलं, एंडोसायटोसिस, म्हणजे पेशी बाहेरची वस्तू पटलात गुंडाळून आत घेते ते, शिकवलं. शाळेच्या मराठी पुस्तकात त्याला पेशीय भक्षण म्हणतात, ऐकून पोरं हसायची. एलडीएल रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं एलडीएल पकडणारं प्रथिन, तर दरवर्षी फळ्यावर काढायचे, रंगीत खडूने. आणि माझ्या स्वतःच्या घरात तो रिसेप्टर काय करत होता हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. म्हणून एवढं लांबण लावतेय, कंटाळा आला तर थेट शेवटाकडे जा.

वडील १९८६ साली गेले, एक्कावन्नाव्या वर्षी. छातीत कळ आली, बैलगाडीतून उतरले आणि बांधावरच बसले. दिवसभर शेतात राबणारा, शिडशिडीत माणूस. त्यांच्या पायांना तेल चोळायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. टाचेच्या वर जी दोरीसारखी शीर असते ना (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी), ती त्यांची माझ्या अंगठ्याच्या दुप्पट जाड होती, आणि बोट फिरवलं की आत खडे असल्यासारखं लागायचं. दादाच्या लग्नात त्यांना सँडल घेतले, तर मागचा पट्टाच बसेना. शेवटी पट्टा कापून टाकला. ‘नांगरामागं चालून चालून झालंय,’ असं ते म्हणायचे आणि आम्हाला ते पटायचं. ते कोलेस्टेरॉल होतं. शिरेत साठलेलं. जे टाचेत हाताला लागत होतं तेच हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही बसत होतं.

धाकटा भाऊ २००३ मध्ये गेला. अडतीस वर्षांचा. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे चार किलोमीटर पळणं, वजन ५४ किलो. आधी आठ दिवस वरच्या पोटात जळजळ होत होती, तर पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या. त्याच्या बाराव्याला दादा चार लोकांत बोलून गेला, ‘ही घरात आली आणि तळण सुरू झालं.’ ही म्हणजे भावजय. पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसलेली, दोन लेकरं मांडीवर. आणि मी, जीवशास्त्राची मास्तरीण, पत्रावळ्या मोजत गप्प उभी राहिले. ते अजून सलतं. तिच्या कढईचा त्यात काडीचा संबंध नव्हता. ती घरात यायच्या कितीतरी आधी, भाऊ आईच्या पोटात असतानाच, ते ठरलेलं होतं.

कसं ते सांगते. हंगामात साखर कारखान्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागते ती डोळ्यापुढे आणा. रक्तातले एलडीएलचे कण म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॉल्या. कारखाना म्हणजे मुख्यतः यकृताची पेशी. दारावर वजनकाटे, तेच रिसेप्टर. काट्यावर ट्रॉली आली की पेशीचं पटल त्या जागी आत खचतं, खळगा होतो, खळग्याचं तोंड मिटतं आणि ट्रॉली काट्यासकट आत. आत आम्लता वाढली की काटा सुटतो, ट्रॉलीचं गाळप होतं आणि काटा परत दारात येऊन उभा राहतो. साधारण दहा मिनिटांची एक खेप. काट्याचं आयुष्य वीसेक तासांचं, तेवढ्यात शंभरावर खेपा. (कुठल्याही कारखान्याचा काटा ट्रॉलीबरोबर गव्हाणीत जात नाही हे मलाही माहीत आहे. एका कारखान्यातल्या चिटबॉयच्या पोराने हे भर वर्गात सांगितलं होतं. उपमा लंगडी आहे, पण पोरांच्या लक्षात राहायची.)

हा काटा कसा बनवायचा ते १९ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेलं असतं. एक प्रत आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली मिळाली की चालू काटे निम्मे. मग ट्रॉल्या रस्त्यावर. एलडीएलचा कण रक्तात एरवी अडीच दिवस राहतो, अशा माणसात साडेचार दिवसांच्या आसपास. आणि रस्त्यावर ऊस वाळला की काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. रेंगाळलेलं एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं, तिथे खराब होतं, सूज धरतं. जन्मापासून, रोज. छप्पन्न किलोचा माणूस असो नाहीतर शंभर किलोचा, काटे मोजूनच मिळालेले. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हे असतं. आमच्या कॉलेजच्या एका वर्षाच्या पटावर चारशे पोरं असायची.

हे सगळं शोधलं डॅलसच्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांनी, १९७० च्या दशकात. १९८५ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्यांच्या रुग्णांतला एक मुलगा मला फार आवडायचा शिकवायला. त्याच्या पेशी एलडीएल नीट पकडायच्या, पण आत घेता यायचं नाही. ८३९ अमिनो आम्लांच्या त्या रिसेप्टरच्या शेपटीत फक्त एक बदललेलं, टायरोसिनच्या जागी सिस्टीन. तेवढ्याने काटे खळग्यापाशी गोळाच होईनात, दारापासून लांब कुठेतरी विखरून उभे. ट्रॉली पकडून ठेवलीय, गेट मात्र सापडत नाही. पटलातून वहन हा धडा ‘दोन मार्कांचा’ म्हणून सोडून देणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगायचे.

आता माझ्या भांडणाकडे येते. तुमचा त्याच्याशी संबंध आहे, धीर धरा.

भाऊ गेल्यावर वर्षभराने मी माझं तपासलं. २३८. मीही बारीकच. गोळी तेव्हापासून चालू आहे, वीस वर्षं झाली. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता, त्याचं २०१. म्हणजे माझी बिघडलेली प्रत त्याच्याकडेही गेली. अशा आईबापाच्या प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी-निम्मी, नाणं उडवल्यासारखी.

२०१४ मध्ये दादा घरी आला, पेढे घेऊन. त्याची मुलगी माझ्या मुलाला द्यायची म्हणाला. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, कोणालाच वावगं वाटलं नाही. पोरगी गुणाची, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. मी एवढंच म्हटलं, ‘दादा, आधी तुझं आणि तिचं कोलेस्टेरॉल बघू.’

का म्हटलं ते बघा. माझ्या मुलात एक प्रत बिघडलेली हे नक्की. तीच प्रत वडिलांकडून दादाकडे आणि त्याच्याकडून मुलीकडेही आली असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळायची शक्यता चारात एक. अशा पोराचं एलडीएल पाचशेच्या वर जातं. कोपर-गुडघ्यांवर लहानपणीच पिवळट गाठी येतात आणि उपचार नसतील तर विशीच्या आत झटका येऊ शकतो. असं मूल लाखात एखादंसुद्धा सापडत नाही, पण नात्यातल्या लग्नांत ते गणित बदलतं. लेबनॉनमध्ये १९६० च्या दशकात याची आनुवंशिकता उलगडली ती अशाच कुटुंबांवरून. १९८४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला स्टॉर्मी जोन्स नावाच्या सहा वर्षांच्या मुलीचं हृदय आणि यकृत दोन्ही एकाच वेळी बदललं, जगात पहिल्यांदाच. हृदय खराब झालेलं म्हणून बदललं. यकृत का? तर नव्या यकृतावर चालू काटे होते म्हणून. हजाराच्या वर असलेलं तिचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. १९९० मध्ये ती गेली, तेरा वर्षांची.

हे सगळं मी दादाला फळा नसताना समजावत होते. त्याच्या कानात एकच शिरलं. ‘माझ्या पोरीत खोट काढतेस? मास्तरीण झालीस म्हणून आपल्याच रक्ताला नावं ठेवशील?’ पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर ठेवून गेला. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे कोणाच्या मयतीला दिसलो तर ‘कधी आलीस’ एवढंच. गावभर झालं की बहिणीने भावाची पोर नाकारली.

नाकारली नव्हती हो. रक्त तपासा म्हटलं होतं. पत्रिकेत नाडी जुळत नाही म्हणून सोयरीक मोडली तर आपल्याकडे कोणाला राग येत नाही. तीनशे रुपयांच्या तपासणीचा मात्र अपमान होतो. यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

तर तुमच्यासाठी. डॉक्टर म्हणतात ती गोळी घ्या. स्टॅटिन म्हणतात तिला. ती पेशीच्या आतलं कोलेस्टेरॉल बनवायचं काम रोखते, मग आत तुटवडा पडतो आणि पेशी चांगल्या प्रतीवरून जास्त काटे बनवून दारावर लावते. तुमच्याकडे एक प्रत चांगली आहे म्हणूनच ती गोळी चालते. नुसत्या पथ्याने दहा-पंधरा टक्के उतरलं तरी खूप झालं. २२६ चे दोनशे होतील, पुढे काय? गोळीने भागलं नाही तर इंजेक्शनंही निघाली आहेत. काटे मोडीत काढणारं एक प्रथिन असतं, पीसीएसके९ नावाचं, त्याला ती अडवतात. महाग आहेत, तुम्हाला बहुधा लागणार नाहीत. आणि तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका. शेंगदाण्याच्या तेलात ते कधी नव्हतंच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. थायरॉईड तपासून घ्या, ते मंदावलं तरी एलडीएल चढतं, मग माझं हे सगळं पुराण तुम्हाला लागू नाही. पथ्य कमी करतं थोडंच, पण म्हणून वनस्पती तूप आणि खारी-बटर चालू ठेवा असं मी म्हणत नाही, आणि व्यसन नाही म्हणता, तर सिगारेट अशीच लांब ठेवा. गोळीने स्नायू दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. घरातल्या एखाद्या बाईला हीच गोळी लागली आणि मूल होऊ द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, सहसा ती थांबवतात. आणि मी डॉक्टर नाही, मास्तरीण आहे.

आणखी एक कबूल करते. दादा आता सहासष्ट वर्षांचा आहे, ठणठणीत. त्याच्याकडे ती प्रत आलीच नसेल, आणि दरवर्षी ते जास्त जास्त खरं वाटायला लागलंय. त्याने अजून तपासलेलं नाही. भाची दुसरीकडे दिली, पुण्यात असते. मागच्याच्या मागच्या दिवाळीत रात्री साडेअकराला तिचा व्हॉट्सॲप आला, मजकूर काहीच नाही, नुसता रिपोर्टचा फोटो. एलडीएल ११२. खाली पाच मिनिटांनी एक ओळ: ‘आत्या, बाबांना सांगू नकोस.’

मी तो आकडा बराच वेळ बघत बसले. तेव्हाच तपासलं असतं तर ती आज माझ्या घरात असती.

तुम्हाला बहीण-भाऊ आहेत का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. असतील तर याच आठवड्यात न्या त्यांना. कोणी रुसलं तर रुसू दे, पण ‘तुझ्यात खोट आहे का बघू’ असं म्हणू नका, ‘माझं आलंय, चल बरोबर’ म्हणा. मला तेव्हा ते सुचलं नाही. दुसरा रिपोर्ट आला की आकडा खाली लिहा. आणि आईंना एकदा विचारा, वडिलांना मागे पट्टा असलेली चप्पल बसायची का.