नाशिकला समुद्र नाही, मग सेक्स्टंट वापरायला शिकता येईल का?

येईल की. मी मर्चंट नेव्हीत डेकवर होतो, आता गंगापूर रोडला राहतो आणि हौस म्हणून गच्चीवरून सूर्याची उंची मोजतो.

सेक्स्टंट, म्हणजे जहाजावर आपली जागा शोधायचं साधन, फक्त कोन मोजतो: सूर्य क्षितिजापासून किती वर आहे. अडचण क्षितिजाचीच आहे. धरणावर जाऊन उपयोग नाही, तिथे पाण्यापलीकडे काठ आणि डोंगर दिसतात. त्यापेक्षा पसरट ताटात गॅरेजमधलं वापरलेलं काळं इंजिन ऑइल ओता. तेल आपोआप समतल होतं आणि आरशासारखं चमकतं. वाऱ्याला आडोसा करा. रस्त्यावरून डंपर गेला की प्रतिबिंब थरथरतं, तेवढं थांबायचं.

आता तेलातला सूर्य आणि सेक्स्टंटच्या आरशांतून खाली आणलेला सूर्य, दोन्ही चकत्या तंतोतंत एकमेकींवर बसवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या काचा आधी लावा, डोळ्यांशी खेळ नको. आलेला कोन दुप्पट असतो. त्यातून इंडेक्स एरर (सेक्स्टंटची स्वतःची शून्याची चूक) काढा, मग निम्मा करा.

समजा, २२ डिसेंबरला भर माध्यान्ही ९३ अंश १० मिनिटं आले (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). निम्मे ४६ अंश ३५. हवेच्या वक्रीभवनाचं एक मिनिट वजा केलं की ३४. हे ९०मधून वजा करा: ४३ अंश २६. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २३ अंश २६ मिनिटं दक्षिणेला असतो, तेही वजा करा. उरले २० अंश. झालं नाशिकचं अक्षांश! मिनिटभर चुकलं तर जागा १.८५ किलोमीटरनं सरकते, पहिल्या दिवशी त्याहून बरंच जास्त चुकेल.

एक मेख आहे. सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंतच मोजतो, म्हणजे या पद्धतीनं सूर्य ६०च्या वर गेला की संपलं. आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य त्याखाली राहतो तो साधारण २० ऑक्टोबर ते २२ फेब्रुवारीपर्यंतच. एरवी सकाळ-संध्याकाळ घ्या, पण मग गणित वाढतं. आणि माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३.८च्या आसपास. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १२:१८च्या सुमारास माथ्यावर येतो, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकनंतर.

शिकायला प्लॅस्टिकचा सेक्स्टंट पुरतो. पितळी जुना घेणार असाल तर आधी आरसे बघा. शोभेचे म्हणून विकले जाणारे बहुतेक कोन धड मोजत नाहीत.