'पानी' म्हणालास म्हणून

प्रिय बेटा,

रविवारी फोनवर तू बराच वेळ नुसता हं हं करत होतास. मग एकदम सांगितलंस, की प्रॅक्टिकलला तू 'पाणी'ला 'पानी' म्हणालास, अख्खी बॅच हसली आणि तेव्हापासून तू वर्गात तोंड उघडलं नाहीस. डबाही जिन्याखाली एकटाच खातोस. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. तुझी काळजी तर होतीच, पण मला माझं १९९१ साल आठवलं.

नागभीडहून छोट्या लाइनच्या गाडीनं मी कॉलेजसाठी नागपुरात इतवारीला उतरले होते. ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली, तुला कदाचित आठवत असेल. पहिले दोन महिने मी मेसमध्ये सगळ्या पोरी उठून गेल्यावर जायची आणि गार वरण-भात खाऊन परत यायची. एकदा टायट्रेशन करताना, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून रंग बदलताच थांबायचं असतं ते करताना, फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आलेला मला स्पष्ट दिसला. माझी जोडीदार ब्युरेट चालूच ठेवून होती. "थांब" एवढा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. द्रावण गडद झालं, रीडिंग वाया गेलं. ती माझ्यावर रागावली नाही, "तुला दिसलं होतं ना?" एवढंच म्हणाली. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी मी जे शिकले तेच तुला सांगते. ओळख बोलण्यातून कमी आणि रोज दिसण्यातून जास्त होते. मी वाचनालयात खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर रोज चार वाजता बसायला लागले. शेजारी एक वर्धेची मुलगी बसायची. तीन आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. चौथ्या आठवड्यात मी दोन दिवस तापानं आले नाही, तर तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "कुठे होतीस?" आजही आमचं दर दिवाळीला बोलणं होतं.

म्हणून शेवटचा बाक आधी सोड. दुसऱ्या रांगेत, कडेला, रोज तीच जागा धर आणि तासाच्या दहा मिनिटं आधी जा. भरलेल्या वर्गात शिरताना तुझी छाती धडधडते, मला माहीत आहे. रिकाम्या वर्गात पोरं एकेक करून येतात, आणि एकट्या माणसाशी तू बोलू शकतोस. घरी येणाऱ्या पाहुण्यांशी बोलताना मी तुला पाहिलं आहे. प्रॅक्टिकलची बॅच तर लाजऱ्या पोरासाठी देवासारखी असते, कारण हातात काम असतं आणि "तुझं रीडिंग किती आलं?" हा प्रश्न कुणालाही विचारता येतो.

दर शुक्रवारी गावाला पळतोस ते कमी कर. आईला वाईट वाटेल, तिच्याशी मी बोलते. होस्टेलची दोस्ती शनिवार-रविवारीच जमते, पोट्टे फुटाळा तलावावर जातात, सकाळी तर्री-पोहे खायला निघतात, आणि तू तेव्हा बसमध्ये असतोस. परवा पोळ्याच्या पाडव्याला सगळे मारबत बघायला गेले, तू खोलीत राहिलास. अरे, तिथे बोलावं लागतच नाही. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, अख्खं इतवारी-महाल "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतं, त्यात तुझाही आवाज मिसळला असता.

आता 'पानी'चं. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याला आपण डोरा म्हणतो. हा बोलीचा नियम आहे, चूक नाही. याच बोलीच्या मुलखात वडशाच्या नाटक मंडळ्या रात्रभर नाटकं करतात आणि हजारो माणसं थंडीत मंडपात बसून बघतात. तुझं विद्यापीठ १९२३ चं आहे, आणि २००५ पासून त्याला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव साध्या माणसांच्या भाषेत भजनं म्हणत हिंडले. पेपरात 'पाणी' लिही, तिथे प्रमाण मराठीच हवी. तोंडातलं बदलायची घाई करू नकोस. हसणाऱ्यांतली अर्धी पोरंही घरी 'पानी'च म्हणत असतील, आणि पकडले जाऊ या भीतीनं जास्त हसली असतील.

रासेयोत, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घाल. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. झाडं लावताना, रस्ता झाडताना बोलणं आपोआप येतं. ग्रुप डिस्कशन आणि स्टेजचं पुढे बघू, पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐक. लाजणं वेगळं. दोन आठवडे झोप लागली नाही, जेवण गेलं, सकाळी उठावंसंच वाटेना, तर ते लाजणं नव्हे. तेव्हा मला रात्री दोनलाही फोन कर. मला सांगायला संकोच वाटला तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलतात.

आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर ये. १९५६ च्या बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतर दरवर्षी लाखो माणसं येतात, रस्त्यांवर जेवणाचे, पाण्याचे स्टॉल लागतात. आमच्या वस्तीच्या स्टॉलवर मी कित्येक वर्षं पाणी वाटते. पहिल्या वर्षी माझाही आवाज फुटत नव्हता. मग एक म्हातारी ग्लास पुढे करून म्हणाली, "पानी दे बाई," आणि मी दिवसभर "पानी घ्या, पानी" ओरडत राहिले. स्टॉलवर हात नेहमी कमी पडतात. सकाळी सहाला ये, येताना बॅचमध्ये तुझ्याबरोबर ब्युरेट धरणाऱ्या पोराला विचारून बघ. नाही म्हणाला तर एकटा ये. चपला जुन्या घाल, तिथे चिखल होतो.

तुझी,
आत्या