आजी, काय खायचं सोडलंत?

प्रिय डॉक्टर,

तुला अशी हाक मारताना अजून गंमत वाटते. पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरताना तू सुळ्याची दाढ करून आणली होतीस, ते मी विसरलेलो नाही.

तुझा मेसेज वाचला. ग्रामीण रुग्णालयात तीन आठवडे झाले, येईल तो "दाढ काढून टाका" एवढंच म्हणतो, आणि आपण पाच वर्षं शिकलो ते याचसाठी का, असं तुला वाटतंय. दाढा काढाव्या लागतीलच. दोन दोन रात्री ठणक्यानं जागलेला, रोजगार बुडवून आलेला माणूस रूट कॅनालच्या चार खेपा घालणार नाही. त्याच्यावर चिडू नकोस. माझं म्हणणं दाढेबद्दल नाहीच, तिच्याआधी काय विचारायचं त्याबद्दल आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका आजींना वरची-खालची पूर्ण कवळी बसवली. केसपेपरवर लिहिलं, 'कवळी दिली, समाधानकारक'. सहा महिन्यांनी त्या नातवाला घेऊन आल्या, तर तोंडाचं बोळकं तसंच. कवळी कुठाय म्हटल्यावर त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

"लग्नाकार्याला लावते की."

"आणि जेवताना?"

"जेवताना काढून ठेवते. खालची हालतीय. भाकरीची कणी आत गेली की हिरडीत काटा भरल्यावानी हुतंय."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. तीन वर्षं त्या घरात सगळ्यांचं उरकल्यावर एकट्या जेवत होत्या. भाकरी आमटीत कुस्करून भिजेपर्यंत वेळ लागतो, सुनांचा खोळंबा होतो, शिवाय चघळताना आवाज होतो त्याची लाज. पंगतीत तर बसायचंच सोडलेलं. यातलं एक अक्षर माझ्या केसपेपरवर नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी दात मोजले होते.

खालची कवळी हलते यात तुझं कौशल्य कमी पडतं असं नाही. दात गेले की जबड्याची कड झिजत जाते, आणि वरच्यापेक्षा खालची कितीतरी जास्त. वर टाळूचा आधार तरी असतो, खाली घोड्याच्या नालासारखी अरुंद जागा, त्यात मधे वळवळणारी जीभ. कवळीनं चावायचा जोर नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव येतो. हे कवळी देण्याआधी सांगायचं असतं. नंतर सांगितलं की ती सबब होते.

अ‍ॅडलेडच्या गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर या ऑस्ट्रेलियातल्या दंतसंशोधकांनी १९९४ साली, तोंडाच्या दुखण्यानं माणसाचं रोजचं काय काय अडतं ते विचारायला, ४९ प्रश्नांची यादी केली. १९९७ मध्ये स्लेडनं ती १४ वर आणली. परीक्षेपुरती तू पाठ केली असशीलच. आता पुन्हा काढून वाच. शब्द उच्चारायला त्रास होतो का, जेवण अर्ध्यात थांबवावं लागतं का, चारचौघांत संकोच वाटतो का, चिडचिड होते का. त्या चौदा प्रश्नांत 'किती दात किडलेत' हा प्रश्नच नाही. ओपीडीच्या रांगेत चौदा विचारणं शक्य नाही, मला माहीत आहे. एक विचार: काय खायचं सोडलंत?

उत्तरं ऐकत जा. कुणी पेरू सोडलेला असतो, कुणी शेंगदाणे, कुणी फोटोत हसणं. बाया तोंडावर पदर धरून बोलतात, त्याला दरवेळी मर्यादा समजू नकोस. तोंडाला वास येतो म्हणूनही धरतात. हिरड्या दुखतात म्हणून मिश्री लावायची, आणि मिश्रीतल्या तंबाखूनं हिरड्या आणखी खराब व्हायच्या, असं ते चक्र. "मिश्री सोडा" असं फर्मान काढू नकोस, आधी दिवसातून कितींदा लावता ते विचार.

पोरांना वेगळं विचारावं लागतं. सुपारी-तंबाखूचा मावा खाणारा विशीतला मुलगा "तिखट झोंबतं" म्हणून येईल. त्याला विचार, पाणीपुरी अख्खी तोंडात जाते का? मग त्याचीच तीन बोटं उभी त्याच्या तोंडात घालायला लाव. दोनच गेली तर तोंड पुरतं उघडत नाही हे त्यालाच कळतं, तुझ्या व्याख्यानाची गरज पडत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो कसा मिळतो ते तुला तिथल्या टपऱ्यांवर दिसतच असेल. पण "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यालाही सोडू नकोस. गाल आतून ताठ करते ती सुपारीच. एकदा ताठलेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, आणि पुढे त्या जागी कॅन्सरची भीती असते.

साखरेच्या पेशंटच्या हिरड्या दरवेळी बघ. हिरड्यांचा जंतुसंसर्ग साखर आवरू देत नाही, आणि साखर हिरड्या बऱ्या होऊ देत नाही. तुमच्याकडच्या फिजिशियनशी चहावर ओळख करून घे, चिठ्ठीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आणि हो, वरचा दात काढला की नजर जाते, हे तुला आठवड्याला चारदा ऐकावं लागेल. हसू नकोस. शांतपणे नाही म्हण.

त्या आजींची खालची कवळी मी नंतर आतून नव्यानं भरून दिली. त्या वेळी टेबलाच्या खणात भाकरीचा तुकडा ठेवला होता, समोर बसवून खायला लावला. तेव्हापासून कवळीच्या दिवशी मी घरून भाकरी नेतो. मऊ भाकरी त्यांना जमायला लागली, शेंगदाणे नाहीच जमले. पंगतीत बसायला लागल्या का, ते मात्र विचारायचं राहून गेलं.

– सर

ता. क. डेंटल चेअरला हवा पुरवणाऱ्या कम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढत जा. तिथे कुणी काढत नसणार.