गिट सर्व्हरशी कनेक्शन कधी लागतं, कधी तुटतं: नेमकं शोधायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीचा स्वतःचा गिट सर्व्हर (कोड आणि त्यातले बदल सांभाळणारा) आहे आणि तुम्ही त्याला एसएसएचवरून, म्हणजे सुरक्षित दूरस्थ जोडणीने, जोडता. ऑफिसमधून फेच किंवा पुल करताना, म्हणजे सर्व्हरवरचे बदल खाली ओढताना, मधूनच 'केक्स एक्स्चेंज आयडेंटिफिकेशन: कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट' असं येतं, आणि तीच कमांड लगेच पुन्हा दिली की काम होतं. घरून व्हीपीएनवर मात्र एरर येतच नाही, कमांड नुसती अडकून बसते. नवीन एसएसएच की (लॉगिनची डिजिटल किल्ली) बनवून झाली, रिपॉझिटरी (कोडचा साठा) पुसून पुन्हा क्लोन करून, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून झाली, तरी फरक नाही.

हे एक नाही, दोन वेगळे बिघाड आहेत असं मला ठामपणे वाटतं. एकत्र शोधायला गेलात तर एकाचा उपाय दुसऱ्यावर करून बघत बसाल. की आणि क्लोन यांचा तर दोन्हींशी संबंध नाही. की चुकीची असती तर दर वेळी नकार आला असता, तोही 'परमिशन डिनाइड' अशा शब्दांत. आणि कनेक्शन लागण्याआधी तुमच्या क्लोनमध्ये काय आहे हे सर्व्हर बघतही नाही.

आधी पुरावा गोळा करा. एसएसएचचा पत्ता असलेल्या रिपॉझिटरीसाठी गिट स्वतः नेटवर्कचं काम करत नाही, ते एसएसएच क्लायंटला चालवतं. म्हणून 'गिट_एसएसएच_कमांड' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एसएसएच आणि त्यापुढे तीन व्ही असलेला (सविस्तर लॉग देणारा) पर्याय घाला, आऊटपुट फाइलमध्ये वळवा आणि दिवसभर तसंच राहू द्या. बिघाड तुमच्या सोयीने येत नाही, त्यामुळे तो येईल तेव्हा लॉग चालू असायलाच हवा.

त्या लॉगमध्ये शेवटची ओळ कोणती, यावर निम्मं निदान होतं. 'कनेक्टिंग टू' नंतर काहीच नसेल तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये: फायरवॉल, राउटिंग, किंवा डीएनएसने दिलेला जुना पत्ता. 'कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' दिसून 'लोकल व्हर्जन स्ट्रिंग' नंतर तुटलं तर टीसीपी जोडणी झाली, पण समोरच्याने ओळख द्यायच्या आधीच दार लावलं. ऑफिसमधला तुमचा एरर नेमका इथला आहे. आणि 'एक्स्पेक्टिंग एसएसएच२ एमएसजी केक्स ईसीडीएच रिप्लाय' या ओळीवर अडकलं असेल तर गोष्ट वेगळीच, तिच्याकडे नंतर येते.

दार लावणारा बहुतेक वेळा सर्व्हरवरचा एसएसएचडीच, म्हणजे एसएसएच कनेक्शन स्वीकारणारा प्रोग्रॅमच असतो. त्याच्यात 'मॅक्सस्टार्टअप्स' नावाची मर्यादा आहे आणि तिची मूळ किंमत १०:३०:१०० असते. म्हणजे लॉगिन पूर्ण न झालेली १० कनेक्शनं एका वेळी उघडी असली की पुढच्या प्रत्येक नव्या कनेक्शनला ३० टक्के शक्यतेने नकार मिळतो. ही शक्यता वाढत जाते आणि १०० कनेक्शनांवर सगळ्यांनाच नकार मिळतो. 'पुन्हा दिली की चालते' हे याच नियमामुळे होतं, कारण नकार खरोखरच फासा टाकून दिला जातो.

बरं, टीम छोटी असताना लॉगिन न झालेली दहा कनेक्शनं येतात कुठून? मी आमच्याकडचे बिल्ड सर्व्हर सांभाळते, तिथे दिसणारी कारणं सांगते. बरोबर तासाच्या ठोक्याला सुटणारे सीआय जॉब (कोडचं बिल्ड आणि टेस्ट आपोआप करणारी कामं), आणि प्रत्येक जॉब आपले सबमॉड्यूल (कोडला जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी) समांतर ओढणारा. पोर्ट २२ इंटरनेटला उघडा असेल तर पासवर्ड चाचपडणारे बॉट. असं अर्धवट कनेक्शन 'लॉगिनग्रेसटाइम'मुळे (लॉगिनसाठी दिलेली मुदत) १२० सेकंदांपर्यंत जागा अडवून बसू शकतं. तिसरं कारण पटकन लक्षात येत नाही: सर्व्हर की तपासायला एलडॅपकडे (कंपनीच्या युजरांची यादी ठेवणारी सेवा) जात असेल आणि एलडॅप मंद असेल, तर खरी माणसंच रांगेत तुंबतात.

याची खातरजमा सर्व्हरच्या लॉगमध्ये होते. अॅडमिनला त्या मिनिटाच्या आसपास 'मॅक्सस्टार्टअप्स' हा शब्द शोधायला सांगा. सापडला तर मर्यादा वाढवणं, ग्रेसटाइम ३० सेकंदांवर आणणं आणि सीआयच्या वेळा विखरून टाकणं, हे तिन्ही करावं. नुसती मर्यादा वाढवली तर बॉटना जास्त जागा मिळेल, एवढंच होईल.

सर्व्हर अलीकडेच अपडेट झाला असेल तर आणखी एक जागा पाहा. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून 'परसोर्सपेनल्टीज' ही सोय मुळातच चालू असते. एखाद्या आयपीवरून लॉगिन फसत राहिलं, किंवा कनेक्शन उघडून लॉगिन न करताच सोडून दिलं जात राहिलं, की त्या आयपीला थोडा वेळ बंदी. विचार चांगला आहे, पण ऑफिसमधले सगळे एकाच नॅटमागून (अनेक यंत्रांना एकच बाहेरचा पत्ता देणारी सोय), म्हणजे एकाच आयपीने बाहेर पडत असतात. कोपऱ्यातलं एखादं मॉनिटरिंग दर काही सेकंदांनी पोर्ट २२ ला हात लावून पळत असेल, किंवा कुणाच्या आयडीईमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनी की राहिली असेल, तर शिक्षा अख्ख्या मजल्याला होते. अशा वेळी क्लायंटवर 'नॉट अलाउड अॅट धिस टाइम' ही ओळ दिसते. ऑफिसची आयपी सवलतीच्या यादीत टाकता येते, पण आधी तो गुन्हेगार शोधा. फेलटूबॅन (फसलेली लॉगिन पाहून बंदी घालणारा प्रोग्रॅम) बसवलेलं असेल तर त्याचीही गत तीच, तोही आयपीवरूनच बंदी घालतो.

आता घरचं अडकणं. व्हीपीएनवर एरर न येता कमांड थिजते तेव्हा माझा पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर असतो. साध्या इथरनेटवर एक पॅकेट १५०० बाइटचं जाऊ शकतं. व्हीपीएन आपलं वेष्टण चढवतो, त्यामुळे आत कमी जागा उरते. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये एमटीयूची सर्वसाधारण किंमत १४२० आहे. पॅकेट मोठं झालं की वाटेतल्या राउटरने 'हे मावत नाही' असा आयसीएमपी निरोप मागे पाठवायचा असतो. पण बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेला असतो. मग छोटी पॅकेट सुखरूप जातात, मोठं पॅकेट गुपचूप नाहीसं होतं, आणि दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत राहतात. एसएसएचमध्ये पहिली मोठी पॅकेट कीच्या देवाणघेवाणीत जातात, म्हणून लॉग नेमका त्या 'ईसीडीएच रिप्लाय'च्या ओळीवर थांबतो.

'परवापर्यंत याच व्हीपीएनवर चालत होतं' असं कुणी म्हणालं तर तेही शक्य आहे. २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून क्वांटम संगणकालाही पुरून उरेल अशी की-देवाणघेवाण पहिल्या पसंतीची झाली, आणि तिच्यातली सार्वजनिक की हजार बाइटांच्या वर जाते. लॅपटॉप अपडेट झाला, पॅकेट फुगलं, आणि आजवर झाकलेला एमटीयूचा दोष उघडा पडला. रस्ता तोच होता, सामान वाढलं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. लिनक्सवर पिंगला 'तुकडे करू नको' असं सांगणारा पर्याय द्या आणि आकार १४७२ ठेवा. त्यात २८ बाइटचं हेडर मिळवलं की १५०० होतात. उत्तर आलं नाही तर आकार कमी करत जा. जिथे उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवा, तो तुमच्या वाटेचा एमटीयू. सर्व्हर पिंगला मुळीच उत्तर देत नसेल तर सरळ व्हीपीएन इंटरफेसचा एमटीयू १३०० करून फेच करून बघा. लगेच चाललं तर दोष सापडला. कायमचा उपाय मात्र व्हीपीएनच्या टोकाला एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटचा आकार आधीच मर्यादेत ठेवणारी सेटिंग) लावणं हाच, नाहीतर टीममधला प्रत्येक जण हीच कहाणी नव्याने भोगेल.

पुशच्या वेळीच, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवतानाच तुटत असेल तर प्री-पुश हुक (पुशच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) बघा. गिट आधी सर्व्हरशी कनेक्शन उघडतं आणि मग हुक चालवतं, कारण समोरच्या ब्रँच कुठे आहेत हे हुकला सांगायचं असतं. हुकमध्ये पाच-दहा मिनिटांच्या टेस्ट असतील तर तेवढा वेळ कनेक्शन मुकं राहतं आणि वाटेतला नॅट किंवा सर्व्हर ते तोडतो. 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' (मुक्या कनेक्शनवर दर ठरावीक सेकंदांनी निरोप पाठवणारी सेटिंग) ६० ठेवल्याने बहुधा भागतं, पण लांबलचक टेस्टची जागा सीआयमध्ये आहे.

एसएसएच सोडून एचटीटीपीएसवर गेलात तर 'पोस्टबफर (पाठवायचा डेटा साठवणारी गिटची मेमरी) ५०० एमबी करा' हा सल्ला जागोजागी मिळेल. गिटच्या स्वतःच्या दस्तऐवजात लिहिलंय की ही किंमत वाढवल्याने बहुतेकांना काही लाभ नाही, फक्त मेमरी जास्त लागते. सर्व्हरपुढच्या एन्जिनएक्सचा (वेब विनंत्या पुढे पोचवणारा प्रोग्रॅम) मूळ टाइमआउट ६० सेकंदांचा असतो, मोठा क्लोन अर्ध्यात तुटला तर आधी तो पाहा. गिटहबसाठी पोर्ट २२ अडत असेल तर 'एसएसएच.गिटहब.कॉम' या पत्त्यावर ४४३ पोर्टने तेच एसएसएच चालतं.

आणि कळकळीची विनंती: होस्ट की तपासणी किंवा एसएसएल तपासणी (समोरचा सर्व्हर खराच आहे ना, हे पाहणारी) बंद करू नका, कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी. तुमच्या दोन्ही बिघाडांना त्याचा उपयोग नाही, आणि कंपनीचा कोड कुणाच्या हाती जातोय हे कळायचा मार्गच बंद होतो.

ऑफिसमधल्या एका फसलेल्या प्रयत्नाचा आणि घरच्या एका अडकलेल्या प्रयत्नाचा लॉग, नेमक्या वेळेसह, इथे प्रश्नातच जोडा. सर्व्हरचं नाव, युजरनेम आणि आयपी मात्र आधी झाका. सोबत सर्व्हरवरच्या ओपनएसएसएचची आवृत्ती कळली तर मॅक्सस्टार्टअप्स की पेनल्टी, हे लगेच सांगता येईल.