टेस्टिंग शेवटच्या दोन दिवसांत उरकायचं काम नाही

या वेळच्या पत्रांमध्ये टेस्टरची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे: काम आपल्यापर्यंत फार उशिरा पोहोचतं. म्हणून त्याच प्रश्नापासून सुरुवात करते.

प्रश्न : मॅडम, आमचा स्प्रिंट (कामाचा एक ठरावीक मुदतीचा टप्पा) दोन आठवड्यांचा आहे. डेव्हलपर दुसऱ्या आठवड्यात बुधवारी-गुरुवारी बिल्ड (तपासायला तयार झालेलं सॉफ्टवेअर) देतात आणि शुक्रवारी रिव्ह्यू (झालेलं काम दाखवण्याची बैठक) असतो. स्टोरी (वापरणाऱ्याच्या गरजेनुसार लिहिलेलं एक छोटं काम) राहिली की 'क्यूएमुळे अडली', म्हणजे टेस्टिंगमुळे अडली, असं सगळ्यांसमोर म्हटलं जातं. काय करावं? (हिंजवडी, पुणे)

उत्तर : तुमच्या टीमने वॉटरफॉल (एकामागून एक टप्पे करण्याची जुनी पद्धत) तसाच ठेवून तो दोन आठवड्यांत कोंबला आहे. आधी सगळं कोडिंग, मग सगळं टेस्टिंग, हा क्रम कायम राहिला तर रांगेत शेवटी असलेला माणूस अडकणारच, मग तो कितीही झपाट्याने काम करो. दोष तुमचा नाही, आणि हे रेट्रोमध्ये (स्प्रिंटच्या शेवटी होणाऱ्या आढावा बैठकीत) शांतपणे पण ठामपणे सांगायलाच हवं.

सांगताना आधार घ्या तो स्क्रम गाइडचा, म्हणजे स्प्रिंटची ही पद्धत सांगणाऱ्या मूळ पुस्तिकेचा. २०२० च्या आवृत्तीत टेस्टर असं वेगळं पदच नाही. प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट पाळली जाते ना ते बघणारा) आणि डेव्हलपर्स, एवढ्याच जबाबदाऱ्या आहेत. इन्क्रिमेंट (स्प्रिंटमध्ये तयार होणारा वापरण्याजोगा भाग) घडवणारे सगळे डेव्हलपर्समध्ये येतात, तुम्हीसुद्धा. जे काम 'डेफिनिशन ऑफ डन'ला (काम पूर्ण कधी म्हणायचं याच्या ठरलेल्या निकषांना) उतरत नाही ते रिलीज करायचं नाही, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवायचंही नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) परत जातं, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या बोर्डावर 'डेव्ह डन' (फक्त कोडिंग झालं) असा रकाना असेल तर तो काढायला लावा. त्या रकान्यामुळे अर्धं काम पुरं झाल्यासारखं वाटतं आणि उरलेलं तुमच्या नावावर जमा होतं.

आता रोजच्या कामाबद्दल. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांनी प्रत्येक स्टोरीवर थोडा वेळ एकत्र बसायचं. याला 'थ्री अमिगोज' म्हणतात. समजा, यूपीआयने बिल भरण्याची स्टोरी आहे. प्रॉडक्ट ओनर म्हणतील, पैसे गेले की पावती दाखवा. तिथे तुम्ही विचारा: खात्यातून पैसे कापले गेले आणि बँकेकडून उत्तरच आलं नाही, तर ग्राहकाला काय दिसेल? त्याने घाईत 'पे' दोनदा दाबलं तर? वाट पाहून कंटाळून अ‍ॅप बंद केलं तर? रक्कम शून्य असेल तर, मर्यादेपेक्षा एक रुपया जास्त असेल तर? हेच प्रश्न पहिल्या दिवशी विचारले तर स्टोरीत चार ओळी वाढतात. गुरुवारी विचारले तर कोड उसवावा लागतो. मिळालेली उत्तरं स्टोरीतच उदाहरणांसह लिहून ठेवा. डेव्हलपर ती समोर ठेवून कोड लिहितो आणि बिल्ड तुमच्याकडे येईपर्यंत सोपे बग मुळात जन्मालाच आलेले नसतात.

आणखी एक गोष्ट करून पाहा. पाच डेव्हलपरांनी पहिल्याच दिवशी पाच स्टोऱ्या उघडल्या तर त्या पाचही एकदम गुरुवारी येऊन पडणार. एका वेळी दोन किंवा तीनच स्टोऱ्या चालू ठेवायच्या, त्या पूर्ण संपवायच्या, मगच पुढची घ्यायची. मोकळा झालेला डेव्हलपर टेस्टिंगला बसेल. सुरुवातीला कुरकुर होईल, त्यात कमीपणा वाटणारेही असतील. तरीही मी याच बदलाचा सगळ्यात जास्त आग्रह धरेन, कारण टेस्टिंग कष्टाचं काम आहे हे स्वतः केल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मी बग टाकला की डेव्हलपर 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून तो परत करतो. दोघांमध्ये बोलणंच उरलेलं नाही. (नाशिक)

उत्तर : बग टाकण्याआधी उठून त्याच्या जागेवर जा, घरून काम असेल तर स्क्रीन शेअर करा, आणि दोघं मिळून एकदा तो घडवून बघा. बरेच बग तिथेच मिटतात, टूलमध्ये नोंदवावेही लागत नाहीत. नोंदवावा लागलाच तर बिल्ड क्रमांक, कुठलं एन्व्हायर्नमेंट (कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या सेटिंगवर), कुठला टेस्ट डेटा, काय अपेक्षित होतं आणि काय घडलं, हे सगळं लिहा. 'लॉगिन चालत नाही' एवढ्या एका ओळीवर कुणीही वैतागेल. तुमच्या मॅनेजरने बगांच्या संख्येवर टेस्टरचं मूल्यमापन ठेवलं असेल तर ते बंद करण्यासाठी भांडा. त्या आकड्यामुळे तुम्ही दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहता.

प्रश्न : 'एका ओळीचा बदल आहे, टेस्टिंग नको' असा दबाव येतो तेव्हा काय सांगायचं? (ठाणे)

उत्तर : नाइट कॅपिटलची हकिगत सांगा. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या या अमेरिकन कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एक सर्व्हर राहून गेला. नव्या कोडमध्ये जुनाच एक फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरलेला होता. त्यामुळे १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि भराभर ऑर्डर पाठवू लागला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. बदल लहान असला तरी तो कुठे कुठे पोहोचला आणि चुकला तर मागे कसा घ्यायचा, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय 'हो' म्हणू नका. टेस्ट थोडक्यात करा, पण करा.

प्रश्न : मॅनेजमेंटला शंभर टक्के ऑटोमेशन हवं आहे. आमच्या सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलच्या) टेस्ट रोज वेगवेगळ्या ठिकाणी फेल होतात, पुन्हा चालवल्या की पास होतात. आता त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. (बंगळूरू)

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात गंभीर आहे. ज्या टेस्टवर कुणाचा विश्वास नाही ती नसल्यापेक्षाही वाईट, कारण खरा बग फेल झाल्याच्या त्याच लाल रंगाआड लपतो. हा त्रास मोठ्यांनाही चुकलेला नाही. आपल्या जवळपास १६ टक्के टेस्ट कमीअधिक प्रमाणात अशा बेभरवशाच्या आहेत, असं गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं.

अशा टेस्ट आजच मुख्य पाइपलाइनमधून (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांच्या साखळीतून) बाजूला काढा, प्रत्येकीला मालक नेमा आणि कारण शोधा. बहुतेकदा कोडमध्ये 'पाच सेकंद थांब' असं ठोकून दिलेलं असतं. त्याऐवजी ते बटण दिसेपर्यंत किंवा तो रेकॉर्ड येईपर्यंत थांबायला सांगा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे अनेक टेस्टनी एकच यूजर वापरणं. प्रत्येक टेस्टने आपला डेटा स्वतः तयार करावा. मग बघा, स्क्रीनवरून केलेल्या किती तपासण्या एपीआय (स्क्रीनशिवाय थेट सर्व्हरला विचारणाऱ्या) किंवा युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) खाली ढकलता येतात. व्याजाचा हिशेब तपासायला ब्राउझर कशाला उघडायचा? शंभर टक्क्यांचा हट्ट मात्र सोडायला सांगा. नवा स्क्रीन पहिल्यांदा हाताळताना अनुभवी टेस्टरला जे खटकतं ते कुठल्याही स्क्रिप्टमध्ये आधी लिहिलेलं नसतं.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमध्ये पहिल्यांदाच मराठी नावं घेणार आहोत. काय तपासावं? (कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण 'मराठी' म्हणून एखादं नाव टाइप करून बघतात आणि काम संपलं म्हणतात. आधी लांबी बघा. 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ते चार चिन्हांचं आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) १२ बाइट घेतं. डेटाबेसमधल्या कॉलमची मर्यादा ५० बाइट असेल तर नाव १६ चिन्हांवर तुटतं. मग 'फक्त अक्षरे चालतील' असं व्हॅलिडेशन (भरलेली माहिती स्वीकारायची की नाही ते ठरवणारा नियम) तपासा. युनिकोडमध्ये काना-मात्रा-वेलांटी 'अक्षर' या गटात येत नाहीत, वेगळ्या गटात येतात, त्यामुळे 'सुनीता'सारखं साधं नावही नाकारलं जाऊ शकतं.

सर्चसाठी 'कुऱ्हाडे' हे आडनाव हमखास घ्या. यातला ऱ एकाच चिन्हाचा असू शकतो, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन चिन्हांचा असू शकतो, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडक असाही टाइप झालेला असतो. दिसायला तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने) एक होतात, तिसरा होत नाही. तो डेव्हलपरला वेगळा हाताळावा लागतो. शेवटी यादीचा क्रम पाहा: ळ युनिकोडमध्ये ल नंतर लगेच आहे, मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर 'काळे' हे 'काशीद'च्या आधी येतील. हे चारही मुद्दे पुढच्या प्लॅनिंगमध्ये डेव्हलपरसमोर ठेवा. डेटाबेसचा आराखडा ठरण्याआधी ते सांगितले गेले पाहिजेत.